यादी सांभाळणारी

मी मुलं सांभाळत नाही.
यादी सांभाळते.
कौंटीच्या इमारतीत, तळमजल्यावर, हीटरशेजारी,
जिथून सरोवर दिसत नाही
पण लोहखनिजाच्या बोटींचा भोंगा ऐकू येतो.

पाळणाघराची सवलत मागणारे अर्ज माझ्याकडे येतात.
कुणी पगाराचा हिशेब पिझ्झाच्या पावतीमागे केलेला,
कुणाच्या कागदावर बाटलीचा गोल डाग,
आणि एकाला, क्लिप लावून, बाळाचा फोटो.
फोटो मागितला नव्हता.
परत पाठवायला हवा होता. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

प्रत्येक मुलाला मी एक अंक देते बसायला.
दोनशे बारा: केलन व्हिटकोम्ब, आई रात्री हॉस्पिटलच्या फरशा पुसते.
दोनशे तेरा: जुळ्या कांगास, वडील एकटेच.
दोनशे चौदा: उबाह, अजून जन्मायची आहे.
आईनं नाव ठरवलंय
आणि रांगही धरलीय.

आईबापांना वाटतं, पोरानं नाव काढावं.
इथे नावं मी काढते.
पाच पुरी झाली की मूल शाळेचं,
आमचं नाही.
संगणक आदल्या दिवशी आठवण देतो,
मग ना केक, ना मेणबत्ती,
मी एक ओळ पुसते
आणि खालचे सगळे एकेक पायरी वर चढतात, झोपेतच.

तोवर काय करता, असं मी विचारत नाही.
त्याच सांगतात.
शेजारीण आजारी होती म्हणून लॉन्ड्रीत नेलं,
गरम टॉवेलांच्या टोपलीत छान झोपला.
मोठी आहे ना घरात, नऊ वर्षांची, फार शहाणी आहे...
आणि लगेच, हे लिहू नका हं.
मी लिहिलं नाही.

नवा बर्फ-नांगर मंजूर व्हायला सभेत दहा मिनिटं लागली.
याला तीन हिवाळे.
ज्यांनी जन्म दिला त्यांनीच, असं एक सभासद बोलू लागले,
तेव्हा मागच्या बाकावर कुणाचं तरी पोर रडायला लागलं
आणि वाक्य तसंच राहिलं.
चार विरुद्ध तीन.
रक्कम सांगत नाही. ऐकायला मोठी वाटते.
एक्केचाळीस जागा होतात तिच्यात,
आणि वर्लीन टटलला एक मदतनीस,
जिनं अकरा वर्षं आपल्या तळघरात दुसऱ्यांची बाळं वाढवली
आणि पगार म्हणून स्वतःला उरलेलं सूप दिलं.

बुधवारी फोन लावायला बसले.
पहिला नंबर बंद.
दुसरा बंद.
पाचवी म्हणाली, आम्ही आता दुसऱ्या राज्यात, आईकडे.
नववी म्हणाली, नोकरी सोडली हो मार्चमध्येच,
ठेवायला कुणी नव्हतं.
आता नोकरी नाही, म्हणजे जागाही नाही ना?
नाही, मी म्हणाले.
म्हणजे, हो. नाही.
बराच वेळ दोघींनी फोन ठेवला नाही.

अकराव्या घरी नळ वाहत होता.
कधीपासून, तिनं विचारलं.
सोमवारपासून.
नळ बंद झाला. थांबा, लिहून घेते,
पेन सापडत नाहीये, एक मिनिट,
खडू आहे, जांभळा, चालेल?
जणू रंगावर काही अडलं असतं.
चालेल, मी म्हणाले, आणि पत्ता सावकाश सांगितला,
भिंतीवर लिहीत असावी, तसा आवाज येत होता.

एक्केचाळीस जागा भरायला
चौऱ्याण्णव नावं लागली.
बाकीची कुठे गेली, यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.

उबाह आता एकशे विसावी.
जाता जाता तिच्या आईचा फोन आला,
काल पहाटे झाली, तारीख टाकून घ्या.
अभिनंदन म्हणाले. तारीख टाकली.
बाहेर अंधार झाला होता, नांगर रस्ता साफ करत होता,
आणि संगणकानं क्षणात
तिचा पाचवा वाढदिवस काढून दाखवला.